उंदराचे महिने, माणसाची वर्षं: नऊ दिवसांचा हिशेब कुठे चालतो आणि कुठे गडबडतो

बोरिवलीहून एका ताईंचा प्रश्न आहे. लेक लाइफ सायन्सेसच्या पहिल्या वर्षाला आहे आणि तिला प्रोजेक्टसाठी उंदराचं वय व माणसाचं वय यांचा तक्ता करायचाय. एका ठिकाणी ‘उंदराचे नऊ दिवस म्हणजे माणसाचं एक वर्ष’ असं सापडलं, दुसरीकडे सहा महिन्यांच्या उंदराला तिशीचा म्हटलंय, आणि दोन्ही काही केल्या जुळत नाहीत. त्यात घरातल्या ७२ वर्षांच्या सासऱ्यांनी वाचलं की साठीच्या उंदरांना रॅपामायसिन नावाचं औषध दिलं तर ते जास्त जगले. तेव्हापासून ‘मग मला का नको?’ हा त्यांचा धोशा सुरू आहे. शिवाय क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेला एक पांढरा उंदीर घरी आहे, त्याचं वय कसं ओळखायचं हेही विचारलंय.

मी पशुवैद्य. परळला शिकलो आणि नोकरी सगळी मुंबईतल्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये, म्हणजे प्रयोगांसाठीचे प्राणी सांभाळतात तिथे, झाली. हा प्रश्न मला दर वर्षी नवे विद्यार्थी विचारतात, त्यामुळे उत्तर तोंडपाठ आहे. सहा महिन्यांचा उंदीर तिशीचा धरा. पुढचा प्रत्येक महिना दोन वर्षांचा, किंचित जास्तच. सहा महिन्यांच्या आत मात्र कुठलाही एकच आकडा चालत नाही. लेकीचा तक्ता एवढ्यावर निघेल. सासऱ्यांचं काम त्यावर भागणार नाही, म्हणून पुढचं लिहितोय.

नऊ दिवसांचा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. माणसाचं आयुष्य ८० वर्षं धरलं, उंदराचं दोन वर्षं म्हणजे ७३० दिवस, आणि भागाकार केला की नऊच्या थोडं वर येतं. भागाकार बरोबर आहे. पण त्यात गृहीत असं धरलंय की दोन्ही प्राणी जन्मापासून मरेपर्यंत एकाच चालीने म्हातारे होतात. तसं होत नाही, आणि ते पाहायला अ‍ॅनिमल हाउसमधला एक पिंजरा पुरतो.

उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा गुलाबी, उघडंवाघडं असतं. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले. कातडी इतकी पातळ की आईचं दूध प्यायल्यावर पोटात पांढरा ठिपका बाहेरून दिसतो. सकाळच्या फेरीत आम्ही तोच शोधतो. ज्याच्या पोटात ठिपका नाही, ते पिल्लू उपाशी आहे. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कान सुटे होतात, दहाव्या दिवसापर्यंत अंगावर लव येते, बाराव्या ते चौदाव्या दिवशी डोळे उघडतात. एकविसाव्या दिवशी पिल्लं आईपासून वेगळी करायची, आणि नर-मादी तेव्हाच वेगवेगळ्या पिंजऱ्यांत घालायचे. यात हयगय केली की सहा आठवड्यांची मादी गाभण राहते. गाभणकाळ जेमतेम १९ ते २१ दिवसांचा, म्हणजे नऊ आठवड्यांच्या वयात ती आई झालेली असते. आता नऊ दिवसांचा हिशेब लावून बघा: ६३ भागिले नऊ, सात वर्षं. दुसरीतली मुलगी! इथेच हा हिशेब आपटतो.

अमेरिकेत मेन राज्यात जॅक्सन लॅबोरेटरी आहे. १९२९ पासून तिथे उंदरांच्या जाती सांभाळल्या जातात आणि जगभरच्या प्रयोगशाळा त्यांची मापं वापरतात. त्यांचा ठोकताळा असा की पहिल्या महिन्यात उंदीर माणसाच्या सुमारे १५० पट वेगाने वाढतो, पुढचे पाच महिने ४५ पट आणि त्यानंतर २५ पट. हिशेब करून बघण्यासारखा आहे. एक महिना गुणिले १५० म्हणजे साडेबारा वर्षं. पाच महिने गुणिले ४५ म्हणजे पावणेएकोणीस. दोन्ही मिळून एकतीस, म्हणून सहा महिन्यांचा उंदीर तिशीचा. पुढे २५ पट, म्हणजे दर महिन्याला दोन वर्षं आणि एक महिना. विरार फास्ट बोरिवलीपर्यंत मोजकी स्टेशनं घेत सुटते आणि तिथून पुढे प्रत्येक स्टेशनला थांबते, तसलाच हा प्रकार. चर्चगेट ते विरारचा सरासरी वेग काढून गाडी अंधेरीला कधी येईल हे सांगायला गेलात तर चुकाल.

तक्त्यासाठी त्याच संस्थेचे टप्पे घ्यावेत. तीन ते सहा महिने म्हणजे माणसाची २० ते ३० वर्षं. दहा ते चौदा महिने म्हणजे ३८ ते ४७. अठरा ते चोवीस महिने म्हणजे ५६ ते ६९. नऊ दिवसांचा हिशेब वर्षाच्या उंदराला चाळीसचा ठरवतो, हा ठोकताळा बेचाळीसचा, तिथे दोघांचं जवळपास जमतं. चोवीस महिन्यांना मात्र एक ८१ म्हणतो आणि दुसरा ६९. बारा वर्षांचा फरक. प्रयोगात ‘म्हातारा उंदीर’ म्हणून नेमका चोवीस महिन्यांचाच वापरतात, तेव्हा फरक नको तिथेच येतो.

एक गोष्ट मला खटकते ती सांगतो. कितीतरी शोधनिबंधांत ‘प्रौढ उंदीर’ असं लिहिलेलं असतं आणि वय बघावं तर सहा किंवा आठ आठवडे. दोन महिन्यांचा उंदीर म्हणजे वरच्या हिशेबाने सोळा वर्षांचं पोर. पिल्लं होतात हे खरं, पण शरीराची वाढ चालूच असते आणि हाडं पुढे कित्येक आठवडे भरत राहतात. तीन महिन्यांखालच्या उंदराला प्रौढ म्हणू नये. तरी म्हणतात, कारण उंदीर म्हातारा करायचा तर दीड-दोन वर्षं पिंजरा, खाणं, भुसा, वीज आणि माणूस या सगळ्याचा खर्च येतो. दोन महिन्यांचा उंदीर स्वस्त पडतो. वार्धक्याशी काही संबंध असलेला निष्कर्ष अशा उंदरावरून काढलेला दिसला की मी तो कागद बाजूला ठेवतो.

हे सगळे आकडे ‘ब्लॅक सिक्स’ नावाच्या काळ्या उंदराचे आहेत. तो साधारण सव्वादोन-अडीच वर्षं जगतो, एखादा तीनपर्यंत जातो. आपल्याकडे पांढरे स्विस आणि बाल्ब सी भरपूर वापरतात. एकेआर नावाची एक जात आहे, तिच्यातले बहुतेक उंदीर वर्षाच्या आतबाहेर रक्ताच्या कर्करोगाने जातात. दहा महिन्यांच्या एकेआर उंदराला अडतिशीचा म्हणण्यात काय अर्थ आहे? म्हणून तक्त्याच्या डोक्यावर जातीचं नाव आलंच पाहिजे. घरात फिरणारा साधा उंदीर तर क्वचितच वर्षभर टिकतो. मांजर, घुबड, पिंजरा, विषाची गोळी आणि महापालिकेचे रात्री काठी घेऊन फिरणारे कर्मचारी यांच्या तावडीतून सुटून म्हातारा होण्याची सवड त्याला मिळतच नाही.

आता जरा खोलात. वय एकच असलं तरी शरीरातली सगळी घड्याळं एकाच चालीची नसतात, आणि प्रत्येक घड्याळ वेगळा गुणक देतं. गर्भारपण घ्या: माणसाचे २८० दिवस, उंदराचे २०, म्हणजे १४ पट. हृदय घ्या: उंदराचे ठोके मिनिटाला ५०० ते ७००, आपले सत्तरच्या आसपास, म्हणजे फक्त आठ-नऊ पट. पेशींमधली म्युटेशन्स, म्हणजे डीएनएमध्ये होणारे बदल, घ्या. ब्रिटनच्या सँगर इन्स्टिट्यूटने २०२२ मध्ये सोळा सस्तन प्राण्यांच्या आतड्याच्या अस्तराची तपासणी प्रसिद्ध केली. माणसाच्या पेशीत वर्षाला सुमारे ४७ म्युटेशन्स साठतात, उंदराच्या पेशीत सुमारे ७९६. सतरा पट. त्यातली गंमत अशी की आयुष्य संपताना या निरनिराळ्या प्राण्यांच्या पेशींतल्या म्युटेशन्सची बेरीज बरीच जवळजवळ येते, मग कुणी तीन वर्षं जगो की ऐंशी. टेलोमियर, म्हणजे गुणसूत्रांची टोकं, माणसात वर्षाला डीएनएच्या साधारण ७० अक्षरांनी झिजतात आणि उंदरात सुमारे ७,०००, म्हणजे शंभर पट. गंमत म्हणजे उंदराचे टेलोमियर मुळात आपल्यापेक्षा कितीतरी लांब असतात.

तेव्हा आठ, चौदा, सतरा, शंभर. यातला खरा गुणक कुठला? ज्या अवयवाबद्दल बोलताय त्याचा. लेकीच्या प्रोजेक्टमध्ये ‘कशाच्या आधारे’ असा एक रकाना घालायला सांगा. माझ्या मते तक्त्यातला सगळ्यात मोलाचा रकाना तोच असेल.

काही बाबतींत तर जोडीच लागत नाही. उंदराच्या मादीचं चक्र चार-पाच दिवसांचं असतं. साधारण आठ ते बारा महिन्यांच्या दरम्यान ते अनियमित होत जातं, पिल्लं कमी होतात, मग थांबतात. पण बाईला जशी रजोनिवृत्ती येते तशी तिला येत नाही. जन्माच्या वेळी मेंदूचंही तसंच. उंदराच्या नवजात पिल्लाचा मेंदू आपल्या बाळाच्या मेंदूपेक्षा बराच कच्चा असतो, तो त्या टप्प्याला येईपर्यंत सात-दहा दिवस जातात. तक्त्यात ‘जन्म’ ही ओळ दोन्हीकडे शून्यावर ठेवली तरी आतून ती समान नाही.

आणि तारखेवर तरी किती विसंबायचं? पिंजऱ्याच्या कार्डावर जन्मतारीख लिहिलेली असते. एकाच आईची, एकाच दिवशी जन्मलेली, पिढ्यान्‌पिढ्या भावंडांतच जुळवून जनुकं सारखी केलेली पिल्लं. तरी दोन वर्षांनी त्याच पिंजऱ्यात एक उंदीर झाकण उघडताच कोपऱ्यात पळतो आणि दुसरा पाठीला बाक काढून तिथेच बसून राहतो. हातात घेतल्यावर कळतं: केस विरळ आणि विस्कटलेले, डोळ्यात मोतीबिंदू, पाठीचा कणा बोटाला टोचतो, पायाची पकड ढिली. शेपटीवरूनही बरंच कळतं. तरुण उंदराची शेपटी बोटाभोवती सहज वळते, म्हाताऱ्याची ताठ होते. अशी ३१ लक्षणं तपासून प्रत्येकाला शून्य, अर्धा किंवा एक गुण द्यायची पद्धत आता रुळली आहे. कार्डावरच्या तारखेइतकाच माझा त्या गुणांवर भरवसा आहे.

मुंबईत आणखी एक भर पडते. प्रयोगशाळेतल्या खोल्या वीस-बावीस अंशांवर ठेवतात. आत काम करणाऱ्या माणसाला ते बरं वाटतं. उंदराला मात्र तीस अंशांच्या आसपास ऊब लागते, एवढंसं शरीर पटकन गार पडतं. म्हणजे बाहेर मे महिन्यात आपण घामाने निथळत असताना आत एसीत उंदीर कुडकुडतोय आणि अंग गरम ठेवायला जास्तीची ऊर्जा जाळतोय. एकट्या पिंजऱ्यातल्या उंदराची तर आणखी पंचाईत, बिलगायला कुणी नाही. घरट्यासाठी कागदाचे कपटे दिले की ते तासाभरात भिंती उभारतात.

सासऱ्यांच्या औषधाकडे वळू. त्यांनी वाचलेली बातमी खरी आहे. अमेरिकेत मेन, मिशिगन आणि टेक्सास इथल्या तीन प्रयोगशाळांत एकच प्रयोग समांतर चालवतात, म्हणजे एकाच जागेच्या योगायोगावर भिस्त राहत नाही. उंदीरही एका जातीचे न घेता मिश्र वाणाचे घेतात. २००९ मध्ये त्यांनी रॅपामायसिनचा निकाल दिला. उंदीर ६०० दिवसांचे असताना औषध सुरू केलं होतं. वरच्या हिशेबाने हे साधारण साठीचं वय, म्हणून बातमीत ‘साठीचे उंदीर’ आले. इतक्या उशिरा सुरू करण्यामागे काही खोल विचार नव्हता. औषध खाण्यात मिसळल्यावर टिकत नव्हतं, त्याला आवरण चढवण्यात वेळ गेला आणि उंदीर तोवर म्हातारे झाले. तरी परिणाम दिसला, म्हणून त्याचं एवढं कौतुक. दर दहांतले नऊ उंदीर मरेपर्यंतचा काळ मादींमध्ये १४ टक्क्यांनी आणि नरांमध्ये ९ टक्क्यांनी लांबला.

आता ८० चे ९ टक्के सात वर्षं, असा हिशेब सासरे करत असतील तर त्यांना थांबवा. टक्के आहेत ते उंदरांच्या एका कळपाच्या मरणाच्या तारखांचे. ते उंदीर मरतात कशाने ते आधी बघावं लागतं. प्रयोगशाळेतले उंदीर बहुतांशी कर्करोगाने मरतात. हार्ट अटॅक आणि पक्षाघात त्यांना सहसा गाठत नाहीत, त्यांच्या रक्तवाहिन्या आपल्यासारख्या चोंदतच नाहीत. कर्करोग पुढे ढकलणारं औषध उंदराचं आयुष्य वाढवेल. मुंबईतल्या ७२ वर्षांच्या माणसाच्या जिवाला घोर असतो तो हृदयाचा, साखरेचा, मूत्रपिंडाचा.

दुसरं जास्त महत्त्वाचं. रॅपामायसिन ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जंतूपासून मिळालं आणि ते नावारूपाला आणणारे शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सेहगल आपल्याकडचेच. आज ते सिरोलिमस या नावाने मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना देतात, कारण ते प्रतिकारशक्ती दाबतं आणि नवं मूत्रपिंड शरीराकडून नाकारलं जात नाही. रक्तातली पातळी तपासत तपासत द्यायचं हे औषध. तोंडात छाले, कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड्स वाढणं, जखम उशिरा भरणं, संसर्ग हे त्याचे ठाऊक असलेले त्रास. उंदरांतही आयुष्य वाढलं तरी मोतीबिंदू आणि वृषणांची झीज जास्त दिसली.

माझ्या पिंजऱ्यातला उंदीर वाफेने निर्जंतुक केलेल्या भुशावर झोपतो, गाळलेली हवा घेतो आणि मास्क घातलेल्या माणसाशिवाय त्याच्या जवळ कुणी जात नाही. त्याची प्रतिकारशक्ती दबली तर चालून जातं. सासरे लोकलने जातात, बाजारात खोकणाऱ्या-शिंकणाऱ्या चार माणसांत वावरतात, जुलैत घोट्याएवढ्या पाण्यातून घरी येतात. टीबी आणि लेप्टो जिथे दाराशी उभे आहेत तिथे निरोगी माणसाने आपण होऊन प्रतिकारशक्ती दाबणारं औषध घ्यायचं? मी घेणार नाही आणि माझ्या वडिलांना घेऊ देणार नाही. त्यांना हवंच असेल तर त्यांच्या फिजिशियनशी बोलू दे, चिठ्ठीशिवाय ते मिळायला नको.

उंदरावरून माणसाकडे यायचा रस्ता माणसांच्या चाचणीतूनच जातो. प्लेगच्या वेळी मुंबईत हे झालेलं आहे. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या खोलीत लस बनवली, १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली आणि त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांना दिली. लस घेतलेले किती आणि न घेतलेले किती आजारी पडतात हे मोजलं. पुढे १८९९ मध्ये परळला त्यांची प्रयोगशाळा हलली, आजची हाफकिन इन्स्टिट्यूट.

तक्ता कुठे मोडतो याचं एक उदाहरण लेकीला आवडेल. ग्रोथ हॉर्मोन ओळखणारी जागाच शरीरात नसलेला एक उंदीर १,८१९ दिवस जगला, पाच वर्षांना आठवडाभर कमी. आपल्या हिशेबाने त्याचं वय येतं १४० च्या वर. माणसांमधला नोंदलेला सर्वांत दीर्घायुषी आकडा १२२ वर्षांचा. आणि तोच जनुकदोष माणसांतही आहे, लॅरॉन सिंड्रोम. दक्षिण अमेरिकेत इक्वेडोरमध्ये अशी ठेंगणी माणसं आहेत. त्यांना कर्करोग आणि मधुमेह फार क्वचित होतो, पण ती इतरांपेक्षा जास्त जगतात असं दिसलेलं नाही.

राहिला घरचा पांढरा उंदीर. पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे घोड्यासारखं तोंड उघडून वय कळत नाही. पिल्लू असेल तर वजन आणि अंगावरच्या लवेवरून आठवड्याचा अंदाज येतो. पूर्ण वाढ झाली की २५ ते ३५ ग्रॅमला वजन थांबतं आणि मग चार महिन्यांचा कोण, दहाचा कोण, हे मीही छातीठोक सांगू शकत नाही. दुकानात बहुधा महिना-दीड महिन्याचे विकायला येतात, म्हणून आणल्याच्या तारखेत दीड महिना मिळवा आणि पिंजऱ्यावर चिठ्ठी चिकटवा. दीड वर्षाच्या पुढे गेला की म्हातारा समजा: पाण्याची बाटली खाली बसवा, वर चढायच्या शिड्या काढा, दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर डबा ठेवून वजन करा. पंधरवड्यात तीन-चार ग्रॅम उतरलं किंवा काखेत गाठ लागली तर लहान प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. तिथे जाताना पिंजरा एसीच्या झोतासमोर ठेवू नका.